साफसफाईचं सामान: काय ठेवायचं, कशाला वापरायचं आणि त्या सामानालाच साफ कसं ठेवायचं

लादी पुसून झाली, वाळली, आणि खिडकीतून ऊन आत आलं की त्यावर मोठे मोठे पट्टे दिसायला लागतात, चालताना पाय चिकटल्यासारखे होतात, मग आपण म्हणतो हे लिक्विडच बेकार आहे, पुढच्या वेळी दुसरं आणू. खरं सांगू, बऱ्याचदा लिक्विडचा काही दोष नसतो. मॉप मळलेला असतो, नाहीतर बादलीतलं पाणी तीन खोल्या झाल्या तरी तेच असतं, नाहीतर बाटलीवर एक झाकण लिहिलंय आणि आपण जास्त साफ होईल म्हणून धार सोडलेली असते.

मी काही वर्षं हाऊसकीपिंगच्या कामात होते. तिथे पहिले चार-पाच दिवस आमच्या सुपरवायझर मॅडमनी मला एकही खोली साफ करू दिली नाही, नुसती फडकी धुवायची, मॉप पिळून टांगायचे आणि ब्रशमधले केस काढायचे. तेव्हा जाम राग आला होता. आता कुणी विचारलं की साफसफाईला काय काय सामान घेऊ, तर माझा पहिला प्रश्न असतो, जे आहे ते शेवटचं धुतलं कधी?

आधी थोडं डोक्यात बसवून घ्या

हर्बर्ट सिनर नावाच्या जर्मन केमिस्टने १९५९ मध्ये एक साधा हिशोब मांडला, क्लीनिंगच्या ट्रेनिंगमध्ये अजूनही तोच शिकवतात. डाग निघायला चार गोष्टी लागतात: केमिकल, घासणं, पाण्याचं तापमान आणि वेळ. यातली एक कमी पडली की दुसरी वाढवावी लागते. आपण काय करतो, वेळ शून्य ठेवतो आणि सगळा भार हातावर टाकतो. स्प्रे मारला की लगेच पुसायला घेतो. तेच पाच-सात मिनिटं थांबलं तर अर्धी घासाघीस वाचते. म्हणून लिक्विड आधी लावून ठेवायचं, तेवढ्या वेळात दुसरं काम उरकायचं आणि मग घासायला यायचं.

कामाचा क्रमही ठरलेला आहे, वरून खाली, कोरडं आधी आणि ओलं नंतर, आतल्या कोपऱ्यातून दाराकडे, आणि कमी घाण जागेतून जास्त घाण जागेकडे. पंखा शेवटी पुसणाऱ्या माणसाला लादी दोनदा पुसावी लागते, हे मी स्वतः करून पाहिलेलं आहे.

कोरडी धूळ: झाडू, सुपली, डस्टर, व्हॅक्यूम

झाडू एकाने भागत नाही, दोन लागतात. आतल्या गुळगुळीत लादीला मऊ झाडू किंवा केरसुणी, आणि बाहेरच्या खडबडीत जागेला, पायऱ्यांना, ओल्या अंगणाला कडक काड्यांचा खराटा. यांची अदलाबदल केली की मऊ झाडू चार दिवसांत झडतो आणि खराटा आतल्या लादीवरची बारीक धूळ नुसती इकडची तिकडे करतो. झाडताना झाडू उचलून आपटायचा नाही, लादीला टेकवून लांब लांब ओढायचा, नाहीतर धूळ हवेत उडते आणि तासाभराने परत टेबलावर येऊन बसते. सुपली घेताना तिच्या पुढच्या कडेला रबराची पट्टी आहे का बघा. पट्टी नसलेल्या सुपलीपुढे ती केराची एक बारीक रेघ उरतेच, कितीही मागे सरकलात तरी.

जळमटांसाठी लांब दांड्याचा गोल ब्रश. तो नसेल तर झाडूला जुनं सुती कापड बांधूनही चालतं. पंख्याच्या पात्यांसाठी मला सगळ्यात आवडलेली युक्ती म्हणजे उशीचा जुना अभ्रा. पातं अभ्र्यात पूर्ण घालायचं, दोन्ही बाजूंनी दाबायचं आणि हळू बाहेर ओढायचं, सगळी धूळ आत राहते, डोक्यावर पडत नाही. पंखा बंद आणि स्विचही बंद, आणि स्टूल डुगडुगणारं नको, एवढं बघा. अभ्रा बाहेर नेऊन उलटा करून झटकायचा.

पिसांचा डस्टर मी सांगणार नाही, तो धूळ उचलत कमी आणि उडवत जास्त. त्यापेक्षा मायक्रोफायबरचा डस्टर किंवा किंचित ओलसर फडकं बरं.

व्हॅक्यूम क्लीनर असेल तर गालिचा, सोफा, गादी आणि पडदे यांना वापरा. ह्युबर्ट सेसिल बूथ या इंग्रज इंजिनिअरने १९०१ मध्ये हवा ओढून घेणाऱ्या मशीनचं पेटंट घेतलं, त्याआधीची काही मशीन हवा फुंकून धूळ उडवायची, आणि याने म्हणे खुर्चीवर रुमाल ठेवून तोंडाने हवा ओढून पाहिली तेव्हा रुमालाला धूळ चिकटलेली दिसली! असो. वापरताना लक्षात ठेवायचं ते एवढंच की हळू फिरवायचा, एकाच जागेवरून उभा आणि आडवा असा दोनदा. बॅग किंवा डबा गच्च भरायची वाट बघायची नाही, दोन तृतीयांश भरला की रिकामा करायचा, कारण हवा जायला वाट नसली की ओढ कमी होते. धुळीचा त्रास असणारं कुणी घरात असेल तर हेपा फिल्टरचा घ्या, तो ०.३ मायक्रॉनचे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक कण ९९.९७ टक्के अडवतो. आणि साध्या ड्राय व्हॅक्यूमने पाणी ओढायचं नाही म्हणजे नाही, मोटर जाईल आणि शॉकही लागू शकतो.

फडकी, म्हणजे खरी मेहनत इथे वाचते

एकच एक फडकं घेऊन ओटा, टेबल, बेसिन आणि शेवटी लादीवर सांडलेलं पुसणे ही सवय आधी सोडा. रंग ठरवून घ्या. हाऊसकीपिंगमध्ये बऱ्याच ठिकाणी लाल टॉयलेटला, पिवळा बेसिन-शॉवरच्या भागाला, हिरवा किचनला आणि निळा बाकी सगळ्या फर्निचर-काचांना असं असतं. तुम्ही वेगळे रंग घेतलेत तरी चालेल, फक्त घरातल्या सगळ्यांना ते माहीत हवेत, नाहीतर लाल फडकं ओट्यावर आलंच म्हणून समजा.

मायक्रोफायबर आणि सुती यात फरक काय, तर मायक्रोफायबरचे धागे फार बारीक असतात, बहुतेक पॉलिस्टर आणि पॉलीअमाइड मिळून केलेले, आणि ते चिरलेले असतात त्यामुळे त्यांच्या फटींमध्ये धूळ आणि तेलकटपणा अडकून राहतो. काच, आरसा, स्टीलचे नळ, लाकडी फर्निचर सगळ्याला चांगलं. सुती फडकं पाणी शोषायला छान, सांडलेलं टिपायला आणि गरम वस्तूजवळ वापरायला तेच, कारण मायक्रोफायबर शेवटी प्लास्टिकच आहे, तापलेल्या भांड्याला लागलं तर वितळतं.

आता फडकं धरायचं कसं ते बघा, हे कुणी सांगतच नाही. फडकं अंथरा, अर्ध्यात दुमडा, परत अर्ध्यात दुमडा. आता तळहाताएवढा चौकोन झाला. पुसायला एक बाजू वापरा, ती मळली की उलटा, मग घडी उघडून आतल्या बाजू बाहेर काढा. असं करत एका फडक्यातून आठ स्वच्छ बाजू मिळतात. चुरगळून गोळा करून पुसलं की कुठला भाग मळलाय ते कळत नाही आणि आपण तीच घाण गोल गोल फिरवत बसतो. आणि पुसायचंही गोल नाही, सरळ एका दिशेने ओढत जायचं, शेवटी कडेवरून उचलून घ्यायचं.

धुताना मायक्रोफायबर सुती कपड्यांबरोबर टाकू नका, सुताचे तंतू त्याला चिकटतात आणि मग आरशावर पांढरे कण दिसतात. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नाही, त्याचा थर बसून धागे बुजतात. ब्लीचही नाही. कोमट ते गरम पाणी, ६० अंशांपर्यंत चालतं, थोडा डिटर्जंट, आणि सावलीत किंवा हलक्या उन्हात वाळवायचं.

लादी: मॉप आणि दोन बादल्या

मॉपचे प्रकार बरेच आहेत. दोऱ्यांचा मॉप खूप पाणी धरतो, मोठ्या खरखरीत जागेला ठीक, पण घरात जड होतो. स्पिन मॉप पिळायला सोपा. फ्लॅट मॉप, म्हणजे सपाट पट्टीवर लावलेलं मायक्रोफायबरचं पॅड, मला विचाराल तर घरासाठी हाच, पलंगाखाली जातो, पाणी कमी लागतं आणि पॅड काढून मशीनला टाकता येतं. गुडघे टेकून फडक्याने पुसणाऱ्यांची लादी कोपऱ्यांत सगळ्यात स्वच्छ असते हे खरं आहे, पण पाठ आणि गुडघे आपलेच आहेत.

पद्धत अशी:

१. आधी झाडून किंवा व्हॅक्यूम करून घ्या. केरावर पाणी पडलं की त्याचा चिखल होतो.

२. बादल्या दोन घ्या. एकीत मापाने लिक्विड घातलेलं पाणी, दुसरीत नुसतं साधं पाणी. मॉप लादीवरून आला की आधी साध्या पाण्यात खंगाळायचा, पिळायचा, मग लिक्विडच्या बादलीत बुडवायचा, परत पिळायचा. घाण सगळी दुसऱ्या बादलीत जमते. पहिल्यांदा करून बघाल तेव्हा एका खोलीतच त्या साध्या पाण्याचा रंग बघून कळेल की इतके दिवस आपण लादीवर काय फिरवत होतो.

३. पिळणं महत्त्वाचं. मॉप उचलल्यावर थेंब गळत असेल तर तो ओला आहे, आपल्याला ओलसर हवाय. लाकडी किंवा लॅमिनेटच्या जमिनीला तर जवळजवळ कोरडाच, कारण पाणी फटीत गेलं की कडा फुगतात आणि ते परत बसत नाही.

४. सर्वात आतल्या कोपऱ्यातून सुरू करा, आधी भिंतीकडेने एक पट्टा, मग मधला भाग, मागे मागे सरकत. दोऱ्यांचा मॉप आडव्या इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवायचा, फ्लॅट मॉप एस काढल्यासारखा, पुढची कड कायम पुढेच ठेवून.

५. पाणी गढूळ दिसलं की बदला, किती खोल्या झाल्या ते मोजत बसू नका.

६. पूर्ण वाळेपर्यंत कुणी चालायचं नाही. घरात वयस्कर माणूस असेल तर मोठ्याने सांगून ठेवा, ओल्या लादीवर पाय घसरायला क्षण लागत नाही.

चिकटपणा आणि पट्टे आधीच असतील तर ते जुन्या लिक्विडचे थर आहेत, त्यावर अजून लिक्विड घालून काही होणार नाही. दोन-तीन वेळा नुसत्या कोमट पाण्याने पुसा, स्वच्छ मॉपने. बहुतेक तेवढ्यातच जातात.

घासण्या आणि ब्रश

इथे एकच सूत्र, सगळ्यात मऊ वस्तूपासून सुरुवात करायची आणि डाग गेला नाही तरच पुढची कडक वस्तू हातात घ्यायची. स्पंज, मग पांढरं सौम्य पॅड, मग हिरवी घासणी, आणि तारेची घासणी अगदी शेवटी. हिरव्या घासणीत घासणारे कडक कण असतात त्यामुळे नॉनस्टिक, काच, ॲक्रिलिक, चकचकीत नळ यांवर ती फिरवली की बारीक चरे पडतात, आणि चऱ्यात पुढची घाण आणखी घट्ट बसते. तारेच्या घासणीचे तुकडे स्टीलच्या सिंकमध्ये राहिले तर गंजून तपकिरी ठिपके पडतात, मग माणूस म्हणतो स्टील खराब निघालं. स्टीलवर बारीक रेषा असतील तर त्या रेषांच्या दिशेनेच घासायचं.

तो पांढरा मॅजिक स्पंज, मेलामाइनचा, तो म्हणजे अतिशय बारीक सँडपेपर समजा. भिंतीवरचे पेनाचे डाग मस्त काढतो, पण चकाकणाऱ्या रंगावर किंवा पॉलिशवर फिरवला तर तेवढाच भाग मॅट होतो. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून बघा.

टाइल्सच्या फटींना जुना टूथब्रश चालतो, पण फटी जास्त असतील तर कडक केसांचा अरुंद ब्रश घेतलेला बरा, टूथब्रशने संध्याकाळ होते.

काच

स्प्रे आणि कागद याच्यापेक्षा रबरी पट्टीचा वायपर खूप पुढे आहे. अर्ध्या बादली पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार-पाच थेंब, बस, त्याच्यावर नाही, जास्त झालं की फेस आणि फेस झाला की पट्टे. ओल्या कपड्याने किंवा स्पंजने काच भिजवून घासा. मग कोरड्या फडक्याने वरच्या कडेची बोटभर पट्टी कोरडी करून घ्या, कारण रबर ओल्या काचेवरून सुरू केलं तर तिथे पाण्याची रेघ राहते. त्या कोरड्या पट्टीवर वायपर टेकवायचा, थोडा तिरपा, आणि एका दमात खाली. प्रत्येक ओढीनंतर रबर फडक्याला पुसायचं. पुढची ओढ आधीच्या पट्ट्यावर दोन बोटं चढवून. शेवटी कडा आणि खालचं पाणी टिपा. कडक उन्हात काच धुवू नका, तुम्ही वायपर उचलेपर्यंत पाणी वाळून डाग पडलेले असतात.

टीव्ही, मॉनिटर, मोबाइलच्या स्क्रीनवर यातलं काही नको. बंद करून कोरडं मायक्रोफायबर, लागलंच तर फडक्याला किंचित पाणी लावून, स्क्रीनवर थेट स्प्रे कधीच नाही.

बाटल्या: कशावर काय

दुकानात बाटल्यांची रांग बघून गोंधळ होतो पण डाग ओळखला की निवड सोपी आहे. तेलकट, मेणचट किटण असेल तर भांड्यांचं लिक्विड, नाहीतर अल्कली, म्हणजे ॲसिडच्या उलट गुणाचं काही लागतं, जसं किचन डीग्रीजर, धुण्याचा सोडा. नळावरचे, शॉवरवरचे पांढरे खरखरीत डाग म्हणजे पाण्यातले क्षार, त्याला ॲसिड लागतं, म्हणजे व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड. आणि रोजच्या लादीला यातलं काहीच नको, न्यूट्रल, म्हणजे ना ॲसिड ना अल्कली असलेला फ्लोअर क्लीनर पुरतो. तेलकट टाइलवर व्हिनेगर घासत बसणारे लोक बघितलेत, तासभर घासलं तरी टाइल तशीच मेणचट.

संगमरवरावर ॲसिड नाही, व्हिनेगरसुद्धा नाही, लिंबूसुद्धा नाही. संगमरवर कॅल्शियम कार्बोनेटचाच असतो आणि ॲसिड त्याला खातं, पांढरट बोथट डाग पडतो जो पुसून जात नाही कारण तो डाग नसून खरवडलेला दगड असतो. ॲल्युमिनियमला धुण्याचा सोडा लावला तर ते काळं पडतं, त्यामुळे चिमणीच्या ॲल्युमिनियमच्या जाळ्या गरम पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडमध्ये भिजवा.

खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढायचे जे व्हिडिओ असतात ना, ते बघायला छान. पण एक अल्कली, एक ॲसिड, दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि मागे उरतं ते जवळजवळ खारट पाणी. वेगवेगळे वापरा, दोन्ही कामाचे आहेत. सोडा ओलसर करून हलकं घासायला, व्हिनेगर क्षारांना.

साफ करणं आणि जंतू मारणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत हेही लक्षात घ्या. घाणीवर डिसइन्फेक्टंट ओतलं तर त्याची ताकद घाणीतच संपते. आधी साबणाने धुवा, मग डिसइन्फेक्टंट लावा, आणि बाटलीवर जितकी मिनिटं लिहिली असतील तितकी मिनिटं जागा ओली राहू द्या. ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, बाटलीवर ५ टक्के असेल तर १ लिटर पाण्यात २० मिली घातलं की साधारण ०.१ टक्क्याचं द्रावण होतं. गार पाण्यातच करा, आणि त्या दिवसापुरतंच, दुसऱ्या दिवशी त्यात दम राहत नाही. घरात मांजर असेल तर फिनॉल असलेलं फिनेल लादीला नको, मांजराला ते सोसत नाही आणि ते पाय चाटतंच.

हे मात्र मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावा

ब्लीच आणि ॲसिडचा टॉयलेट क्लीनर एकत्र करायचे नाहीत. क्लोरीन हा विषारी वायू निघतो. ब्लीच आणि अमोनिया असलेला काचेचा क्लीनर, तेही नाही, त्यातून क्लोरामाइन नावाचे विषारी वायू निघतात. मी कामाला नवी होते तेव्हा एकदा टॉयलेटमध्ये क्लीनर टाकून ठेवला होता आणि तो विसरून वरून ब्लीच ओतलं. दार अर्धं बंद. दोन श्वासांत घसा असा धरला की बोलता येईना, डोळ्यांतून पाणी, बाहेर येऊन जिन्यात बसले आणि पुढचा अर्धा दिवस खोकत होते. असं कधी झालं तर तिथे थांबून पुसत बसू नका, बाहेर या, मोकळ्या हवेत, त्रास राहिला तर डॉक्टरकडे.

टॉयलेट, क्रमाने

हातमोजे घाला, खिडकी उघडा किंवा एक्झॉस्ट लावा. झाकण लावून एकदा फ्लश करा. क्लीनर आतल्या कडेखाली गोल फिरवून सोडा आणि दहा-पंधरा मिनिटं तसाच राहू द्या. तेवढ्या वेळात बाहेरचा भाग पुसून घ्या, आधी टाकी आणि फ्लशचं बटण, मग झाकण, मग सीटची वरची बाजू, मग खालची, शेवटी बुंधा आणि मागचा कोपरा, सगळं त्या एका लाल फडक्याने आणि ते फडकं दुसरीकडे कुठेच जाणार नाही. मग ब्रशने आधी कडेखाली, नंतर आत, शेवटी खाली खोलवर घासा आणि फ्लश करा. ब्रश थेट डब्यात खोचू नका, सीट खाली करून त्याखाली दांडा दाबून ठेवा, ब्रश भांड्यावर निथळत राहील, वाळला की डब्यात. डब्याच्या तळाशी साठलेलं पाणी आठवड्याला ओतून द्या, वास बहुतेक तिथूनच येत असतो.

सामान धुणं आणि ठेवणं

मॉप वापरून झाला की साबणाच्या पाण्यात धुवा, खंगाळा, पिळा आणि डोकं वर करून टांगा. बादलीत ओला सोडलेला मॉप दुसऱ्या दिवशी वास मारतो, आणि तो वास म्हणजे त्यात वाढलेले जंतू. बादली धुऊन पालथी ठेवा. झाडूही टांगलेला बरा, उभा ठेवला की केस एका बाजूला वाकतात, मऊ प्लास्टिकचा असेल तर महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्यात बुडवून वाळवा. स्पंज प्रत्येक वेळी पिळून उभा ठेवा, आणि वास यायला लागला किंवा फाटायला लागला की टाकून द्या, उकळत बसू नका. हातमोजे आतून-बाहेरून वाळवा, टॉयलेटचे वेगळे आणि भांड्यांचे वेगळे, बोटाला भोक दिसलं की संपले.

केमिकल त्याच्या मूळ बाटलीतच ठेवायचं. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत तर कधीच नाही, तहानलेला माणूस लेबल वाचत नाही. पातळ केलेलं स्प्रे बाटलीत भरलं तर वर नाव आणि तारीख लिहा. ब्लीच अंधारात, ॲसिडपासून लांब, मुलांचा हात पोचणार नाही असं, आणि बाटल्या उभ्याच.

वायपरचं रबर रेघा सोडायला लागलं तर अख्खा वायपर फेकू नका, बऱ्याच वायपरचं रबर सरकवून बाहेर येतं, ते उलटं करून बसवा, दुसरी कड नवीन असते. ती पण झिजली की नुसतं रबर बदला.